उजनीतली जुनी होडी: चाळीसचं इंजिन घेण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. उजनी धरणाच्या काठी केत्तूरजवळ शेतात, कडुनिंबाखाली, चुलत्यांची १८ फुटी फायबरची होडी पाच पावसाळे पडून आहे. मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, आहे. दोरी ओढली की फिरतं, पण सुरू होत नाही. सोलापुरातली नोकरी सांभाळून भावाबरोबर उजनीत जाळी टाकायचा विचार आहे, आणि हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवून चार पैसे सुटले तर तेही हवेत. गॅरेजवाला म्हणतो जुनं काढून टाका, ४० चं नवं बसवा. आणि तुम्ही विचारताय, ४० चं कुठल्या कंपनीचं घ्यावं?

कंपनीचं नंतर बघू. आधी इंजिन जिथे टांगणार ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, शाबूत आहे का ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या फायबर होड्यांमध्ये इंजिनाच्या आधी ही फळी गेलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो, कारण बाहेरून ती चकचकीत दिसते. आत प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कवच. इंजिनाच्या बोल्टसाठी, पाणी काढायच्या बुचासाठी, दोर बांधायच्या कड्यांसाठी भोकं पाडतात, पण ती नीट सील करायची तसदी कुणी घेत नाही. तिथून पाणी शिरतं, प्लाय ते पितं आणि बाहेर पडायला वाट नसते. तुमची होडी तर पाच पावसाळे सरळ पडून होती, पालथी नाही. दर वर्षी आत गुडघाभर पाणी आणि त्यात निंबाचा पाला कुजलेला असणार. म्हणजे फळी दोन्हीकडून भिजली.

तपासायला मोठी हत्यारं लागत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि फळीवर वरून खाली, दोन-तीन इंचांच्या अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणटणीत येतो, कुजलेल्या जागी भद्द येतो. खडूने खुणा करत जा, दहा मिनिटांत नकाशा तयार होतो. मग इंजिन बसलेलंच ठेवून त्याचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवा आणि भावाला फळीच्या कोपऱ्यांकडे बघायला सांगा. फळी डोळ्यांना दिसेल इतकी लवत असेल, किंवा कोपऱ्यातल्या केसभर चिरा उघडझाप करत असतील, तर फळी गेली, बाकी काही तपासायची गरजच नाही. तरीही खात्री करायची तर आतल्या बाजूने, बुचाच्या जरा वर, ६ एमएमच्या बिटने भोक पाडा; बाहेरचं कवच फुटू देऊ नका. पिवळसर कोरडा भुसा आला तर देव पावला. बिटला काळा ओला लगदा चिकटून आला, भोकातून चहासारखं पाणी ठिबकलं आणि कुबट वास सुटला, तर ती फळी बदलायची, एवढंच. अशा फळीवर ४० चं इंजिन लावून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन फळीसकट पाण्यात गेलं तरी आश्चर्य वाटणार नाही.

तळाचंही तेच. आत लांबीने जे फायबरमध्ये गुंडाळलेले लाकडी दांडे असतात, ज्यांवर फ्लोअर बसतो, त्यांवर उभं राहून बघा. पाय टाकला की फ्लोअर दबतो का? दांडे आणि तळ यांचा जोड सुटलाय का? दांडे मऊ असतील तर फळीच्या कामाबरोबरच तेही घ्यावे लागतील. एकदा होडी उघडलीच आहे तर अर्धं काम करून बंद करू नका.

इथे एक गैरसमज कायम भेटतो: "आमची होडी खाऱ्या पाण्यात कधी गेलीच नाही, फायबरला काही होत नाही." धातूच्या बाबतीत ते खरं आहे. फायबरच्या बाबतीत उलटं आहे. तळाला येणारे पाण्याचे फोड समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात जास्त येतात, कारण जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराच्या, आत विरघळलेली रसायनं पाणी आत ओढतात आणि बाहेरचं पाणी जितकं कमी खारट तितकी ती ओढ जास्त. त्यामुळे होडी पालथी केल्यावर तळावर वाटाण्याएवढे फोड दिसले तर घाबरू नका. पण त्यावर रंगही मारू नका. फोडायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, आठवडेच्या आठवडे कडक उन्हात वाळू द्यायचे आणि मग इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझीनच्या) लुगदीने भरायचे. वाळवण्याच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्यासारखी जागा नाही. कोकणातले कारागीर ज्या कोरड्या हवेसाठी तडफडतात ती आपल्याकडे फुकट आहे.

कामाचा हंगाम ठरवताना धरणाकडे बघा. उजनी साधारण सप्टेंबरपर्यंत भरलं की पाणी पार शेताच्या बांधाला लागतं, तेव्हा होडी काढणं-घालणं ट्रॅक्टरने सोपं जातं. मे महिन्यात साठा वजामध्ये, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या खाली, गेला की काठ आणि पाणी यांच्यात नुसता गाळ उरतो, तिथून होडी नेणं म्हणजे बैलांचे हाल. तुमची होडी शेतातच आहे, म्हणजे काढायचा प्रश्न नाही, पण घालायचा आहे. दिवाळीनंतर काम हाती घ्या आणि संक्रांतीच्या पुढे-मागे पाण्यात उतरवा. दुसरं कारण रेझीनचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पॉलिस्टर रेझीनमध्ये (फायबरकामाचा चिकट द्रव) दोन टक्के हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, टाकलं तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच गोळा होतो आणि डबा धूर सोडायला लागतो. थंडीत सकाळी नऊनंतर एक ते दीड टक्क्यात निवांत काम होतं. पावसाळ्यात मात्र हे काम करूच नका, ओलाव्यात चिकटत नाही.

आता फळी बदलायची कशी. बाहेरचं कवच साच्यातून आलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. आतून, कडेपासून दोन-तीन इंच सोडून, ग्राइंडरने आतलं कवच चौकटीसारखं कापून काढा. प्लाय छिन्नीने, खुरप्याने, जमेल तसं खरवडून काढा. कुजलेलं हाताने निघतं, चांगलं राहिलेलं मात्र घाम काढतं. बाहेरच्या कवचाची आतली बाजू ४० नंबरच्या डिस्कने घासून खरखरीत करा, अॅसिटोनने पुसा. धूळ अंगाला दोन दिवस चावते, तेव्हा पूर्ण बाह्या, गॉगल आणि खरा मास्क, नुसता रुमाल नको.

प्लाय घेताना आयएस ७१० असा शिक्का बघूनच घ्या. हे मरीन प्लायचं भारतीय मानक आहे. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणत आयएस ३०३ गळ्यात मारतो, ते फर्निचरचं. १८ एमएमचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवून ३६ एमएम करा. जुन्या फळीची जाडी मोजूनच ठरवा, कारण इंजिनाच्या क्लॅम्पला मर्यादा असते. तक्ता आत बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडा रेझीनने दोन-तीनदा पाजा, कारण पाणी कडेने शिरतं. मग कवचावर आणि प्लायवर रेझीनची घट्ट लुगदी (रेझीन, ते दाट करणारी एरोसिलची पावडर आणि कापलेले काचतंतू) थापून तक्ता दाबा. दाबायला दोन मजबूत लाकडी वासे बाहेरून-आतून आडवे लावून बोल्टने आवळा. लुगदी चारही कडांनी बाहेर यायला हवी. जिथून येत नाही तिथे आत पोकळी राहिलीय असं समजा, आणि ती पोकळी म्हणजे पुढच्या पाच वर्षांतली कुज.

त्यावर काच. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (विस्कटलेल्या काचतंतूंची चादर) आणि ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड) आलटून-पालटून, सुरुवात आणि शेवट मॅटने. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दीड-दोन इंच पुढे, होडीच्या बाजूंवर आणि तळावर चढवत न्यायचा, म्हणजे फळीवरचा जोर अंगभर पसरतो. कोपऱ्यांमध्ये आधी लुगदीने गोलाई द्या; काटकोनात मॅट बसत नाही, मागे हवा राहते. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझीन लागतं, रोव्हिंगला जेमतेम वजनाएवढं. लोखंडी रोलर फिरवून हवा काढत जा. पांढरे ठिपके दिसताहेत तोवर थांबायचं नाही.

सोलापुरात एमआयडीसी परिसरात फायबरचे दरवाजे, टाक्या करणारे कारागीर मिळतात, हात बसलेला असतो, त्यांच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही. पण समोर उभं राहून. दरवाज्याच्या कामात स्वस्त पडावं म्हणून रेझीनमध्ये पांढरी पावडर कालवायची सवय असते. दरवाज्याला चालतं, होडीच्या फळीला चालत नाही. साधं जनरल पर्पज रेझीन घेऊ नका, आयसो रेझीन मागा. ते पाण्याला जास्त टिकतं. आणि एक जिवाची गोष्ट: हार्डनर आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटर (रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर अगदी शेवटी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल काढून काम करणाऱ्याला घरी पाठवा, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

भोकांचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. इंजिनाचा बोल्ट १२ एमएमचा असेल तर भोक २० एमएमचं पाडा, ते इपॉक्सीच्या लुगदीने ठासून भरा, पूर्ण कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडातून जातच नाही, प्लास्टिकच्या नळीतून जातो. बसवताना पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन पाण्याखाली धरत नाही आणि एकदा लागलं की पुढे काहीच चिकटू देत नाही. पॉलिस्टरवर इपॉक्सी नीट चिकटते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाचं नाही, त्यामुळे पॉलिस्टरचं सगळं काम आधी, इपॉक्सीचं शेवटी.

फ्लोअर बंद करण्याआधी तरंगण्याची सोय करा. बरेच जण रिकाम्या पोकळीत थर्माकोल कोंबतात, कारण आपल्याकडे थर्माकोलचे तराफे सगळीकडे दिसतात. पॉलिस्टर रेझीनचा थेंब थर्माकोलवर पडू द्या, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. सांडलेलं पेट्रोलही तेच करतं. दोन डब्यांचं पीयू फोम ओतता येतं, पण तुमच्यासारख्या होडीला मी बंद झाकणाचे प्लास्टिक कॅन सांगतो. ३५ लिटरचा कॅन साधारण ३५ किलो उचलतो, भिजत नाही, काढून बघता येतो. होडी, इंजिन, आणि कडेला धरून तरंगणारी दोन-तीन माणसं धरली तर दीडशे ते दोनशे लिटर पुरेसे होतात. हे कॅन तळाशी मधोमध ठेवलेत तर पाणी भरलेली होडी पालथी होईल. ते बाजूंना, वरच्या अंगाला, बाकांखाली आणि मागच्या कोपऱ्यांत पट्ट्यांनी करकचून बांधा.

हे मी जोर देऊन का सांगतोय ते केत्तूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचं वारं उठलं की उजनीत काही मिनिटांत लाटा उभ्या राहतात. पलीकडचा काठ डोळ्यांना जवळ वाटतो, वारा सुटला की तो किती लांब आहे ते कळतं.

आता इंजिन. तुमच्या होडीचं वजन मांडू. रिकामी होडी दोनशे-सव्वादोनशे किलो, इंजिन आणि पेट्रोल मिळून साठ-सत्तर, दोन माणसं एकशे तीस-चाळीस, जाळी-दोर-नांगर पन्नास-साठ, आणि मासे लागले तर ऐंशी-शंभर. म्हणजे साधारण साडेपाचशे किलो. होडी पाण्यावर उठून पळवायची असेल तर एका हॉर्सपॉवरमागे वीस-पंचवीस किलो हा माझा हिशेब. त्यावर २५ चं इंजिन या होडीला भरपूर झालं. ४० ने तुम्ही फार लवकर पोचणार नाही, पण टाकी नक्की लवकर रिकामी कराल. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला पूर्ण थ्रॉटलवर एका हॉर्सपॉवरमागे तासाला जवळपास अर्धा लिटर धरा. ४० ला तासाला १६ ते २० लिटर. पेट्रोल शंभरीपार आहे. चिलापी माशाच्या भावात ते बसतं का, हिशेब तुमचा तुम्हीच करा.

आणि जाळ्याच्या कामात होडी उठून पळवायची गरज किती वेळ असते? होडी पाणी कापत चालते तेव्हा तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी १६ फूट धरली तर ताशी सुमारे १० किलोमीटरच्या पुढे ती नुसती स्वतःचीच लाट चढत बसते; कितीही जोर लावा, लाट वाढते, वेग वाढत नाही. त्या वेगाला ९.९ चं इंजिन आरामात पुरतं. तुमचं गाव ते जाळं हे अंतर दोन-तीन किलोमीटर असेल तर उडत जाण्यात वाचणारा वेळ दहा मिनिटांचा.

म्हणून माझा सल्ला असा. आधी २५ चं जुनं उघडून बघा. ते चांगलं निघालं तर तेच ठेवा. ते गेलेलं असेल तर नवं ९.९ किंवा फार तर १५ चं फोर-स्ट्रोक. ४० चं फोर-स्ट्रोक त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असतं आणि ते सगळं वजन होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला येतं. मागून पाणी आत यायला दुसरं निमित्त लागत नाही. कंपनी? यामाहा, सुझुकी, टोहात्सू, होंडा, सगळ्यांची छोटी इंजिनं चांगली आहेत. ज्याचा इंपेलर (थंड करायला पाणी ओढणारं रबरी चाक) आणि कार्ब्युरेटर किट पुण्यातून दोन दिवसांत एसटीने मागवता येईल, ते घ्या. शाफ्टची लांबीही होडीप्रमाणे: फळीची उंची १५ इंच असेल तर शॉर्ट, २० इंच असेल तर लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पाती तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर नुसता अडसर.

जुनं इंजिन सुरू करायच्या भानगडीत आत्ता पडू नका, आणि कोरडं तर मुळीच फिरवू नका. आत रबराचा इंपेलर असतो, तो पाण्याशिवाय काही सेकंदांत जळतो. पाच वर्षं एकाच जागी राहून त्याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील. खालचा पाय उतरवून तो बदला, जुना कितीही चांगला दिसला तरी. आधी प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने हळूहळू फिरवा. मोकळं झालं की दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल स्विच बंदवर, म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि कॉम्प्रेशन गेज लावून दोरी ओढा. आकडा शंभर पीएसआयच्या वर असेल तर आनंद आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एक ११५ आणि दुसरा ८० असेल तर रिंगा किंवा सिलिंडर गेला. त्यात पैसे घालू नका.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू उघडून थोडं बाटलीत काढा. काळं असेल तर फक्त जुनं. कॉफीसारखं दुधाळ असेल तर सील गळतंय. आपल्याकडे त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: पंख्यात अडकलेला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. पंखा काढा, मागे शाफ्टवर तंगूस गुंडाळून वितळलेला दिसेल, त्याने सीलची कड कापलेली असते. सील स्वस्त आहे, न बदलल्याने जाणारे गिअर महाग. नवं ऑइल खालच्या भोकातून भरत वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

कार्ब्युरेटर उघडा. तळाशी हिरवट-तपकिरी चिकट थर असेल, ते पाच वर्षांपूर्वीचं पेट्रोल. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम फुगवतं. नळी, पंपाचा फुगा, डायफ्राम सगळं नवं, इथेनॉल चालेल असं घ्या. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. आठवडाभर होडी काढायची नसेल तर नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. तेल टीसी-डब्ल्यू ३ चंच, मोटरसायकलचं टू-टी नको. पाण्याने थंड होणारी इंजिनं वेगळ्या तापमानाला चालतात, त्यांना राख न सोडणारं तेल लागतं. पुस्तकात पन्नासास एक लिहिलं असेल तर १० लिटरला २०० मिली. "जरा जास्त घातलं तर बरं" असं नसतं, प्लग काळे पडतात.

जुनंच दुसरं इंजिन बघायला कुणी मालवण-मुंबईकडे नेलं तर लक्षात ठेवा, समुद्रावर चाललेल्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटा मिठाने अरुंद झालेल्या असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. शिवाय त्याला जस्ताचे अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, असतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते निकामी होतं, मॅग्नेशियमचे लावा. आणि भीमेच्या काठाला बिनकागदाचं इंजिन स्वस्तात सांगणारा भेटेलच. बेकायदा वाळू काढणाऱ्या होड्या महसूलवाले जिलेटिनने उडवतात, त्या भानगडीतल्या वस्तूला हात लावू नका, सीरियल नंबरची पट्टी खरवडलेली दिसली की परत फिरा.

पंख्याबद्दल. उजनीची पूर्ण भरलेली पातळी ४९६.८३ मीटर आहे. समुद्रसपाटीवर जितकी ताकद मिळते त्यातली पाचेक टक्के एवढ्या उंचीवर कमी होते, उन्हाळ्यातल्या गरम हवेत आणखी थोडी. त्यात जाळ्याने भरलेली होडी. कोकणातल्या हलक्या होडीचा पंखा तसाच लावणं म्हणजे ट्रॅक्टर चौथ्या गिअरमध्ये घालून नांगरायला लावणं. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) कुणाकडून तरी मागून आणा, भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटल द्या. बहुतेक छोट्या टू-स्ट्रोकना ४५०० ते ५५०० आरपीएम मिळायला हवेत, नेमका आकडा तुमच्या पुस्तकात असेल. कमी मिळाले तर पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकतो ते अंतर, कमी असलेला पंखा लावा. एक इंच पिच कमी केलं की साधारण दोनशे आरपीएम वाढतात. एक जादा पंखा, शिअर पिन (पंखा आपटला की आधी तुटणारी खिळी) आणि पाना कायम होडीत ठेवा. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं वर सरकतात. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं ते लोक फोटो काढायला जातात. त्याच पातळीला हातभर पाण्याखाली काय काय लपलंय ते जुन्या माणसांनाच माहीत. चुलत्यांना होडीत बसवून एकदा फिरा, कुठून जायचं आणि कुठून नाही ते विचारून घ्या. मोडलेली पाती सोलापुरात आर्गन वेल्डिंगवाल्याकडे भरून मिळते, पण नंतर बॅलन्स तपासा, नाहीतर थरथर थेट सीलवर जाते.

जलपर्णीत शिरावं लागलं तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे लक्ष ठेवा. धार बारीक झाली की लगेच बंद करा, इंजिनाचा पाय वर घ्या, पाणी आत जाण्याच्या जाळीवरचा कचरा काढा. "पलीकडे जाऊन काढू" म्हणेपर्यंत सिलिंडर हेड तापतं.

पक्षी बघणाऱ्यांना फिरवायचं म्हणताय, तो मात्र वेगळा व्यवहार आहे. जाळ्याची होडी आणि प्रवासी होडी कायद्यासमोर एक नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय, त्यात इंजिनावर चालणाऱ्या होडीची तपासणी, नोंदणी, विमा आलं. मासेमारीचा परवाना वेगळा. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे काय कागद लागतील ते होडी दुरुस्तीला काढण्याआधी विचारून घ्या, कारण प्रवासी घ्यायचे तर बाकांची जागा, किती माणसं, लाइफ जॅकेट ठेवायची सोय हे सगळं फ्लोअर करतानाच ठरतं. जॅकेट माणशी एक, आणि अंगावर; बाकाखालची जॅकेट उलटलेल्या होडीत कुणाच्याही हाती लागत नाहीत. भर उन्हाळ्यात दुपारनंतर प्रवासी घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही पैसे देवो.

सगळं बसल्यावर पहिली चाचणी शेतातच, अर्ध्या कापलेल्या बॅरलमध्ये इंजिनाचा पाय बुडवून. धार नीट पडतेय, पंधरा मिनिटं आयडलवर चालतंय, गिअर पुढे-मागे पडतोय, किल स्विचची दोरी ओढली की लगेच बंद होतंय, एवढं बघा. मग काठाजवळ, रिकाम्या होडीत, भाऊ बरोबर आणि दुसरी होडी जवळपास. पहिले काही तास पूर्ण थ्रॉटल नको. काठावर आल्यावर फळीचे कोपरे आणि बोल्टची भोकं आतून कोरडी आहेत का ते बोट लावून बघा. दहाएक तास चालल्यावर गिअर ऑइल पुन्हा बाटलीत काढून बघा. दुधाळ झालं असेल तर सील उलटं बसलंय किंवा शाफ्टलाच खाच पडलीय.

पुढचं विचारताना तीन गोष्टी लिहा: फळी ठोकून काढलेला खडूचा नकाशा, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, आणि तळापासून फळीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची इंचांत. तोवर ४० च्या इंजिनाचा ॲडव्हान्स कुणाला देऊ नका.